पावणेसातचं चालणं

मीटरवर दोनशे चौदा आकडा आला तेव्हा यारेलीला आधी वाटलं, सकाळच्या गोड पावाची साखर बोटाला राहिली असेल. नोहेमीलाही तसंच वाटलं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी जोड्या करून एकमेकांच्या बोटांना सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि आकडा तक्त्यात लिहायचा, असा तो तास होता. एरवी कंटाळवाणा. ज्वालामुखीची बारीक राख चार दिवस पडत होती, ती खिडकीच्या काचांवर बसली होती आणि पुएब्ला शहराचं ऊन आत येताना मळकं होऊन येत होतं. नोहेमी म्हणाली, जा, साबणाने हात धुऊन ये. यारेली धुऊन आली, दुसरं बोट पुढे केलं. दोनशे नऊ. पाव खाऊन पाच तास झाले होते. दोघींनाही हिशेब कळत होता. गेल्याच आठवड्यात त्यावर परीक्षा झाली होती. नोहेमीने तक्त्यावर पेन टेकवलं आणि मान वर न करता विचारलं,

“काय लिहू?”

“अठ्ठ्याण्णव.”

नोहेमीने अठ्ठ्याण्णव लिहिलं. थोड्या वेळाने बाई आल्या, तक्त्यावरून नजर फिरवली, खाली सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. यारेलीने कापसाचा बोळा बोटावर दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी ती दाबत राहिली. तिला आश्चर्य वाटलं ते आकड्याचं नव्हे. अठ्ठ्याण्णव हा आकडा तिच्या तोंडून किती सहज बाहेर पडला याचं. विचार करावा लागला नाही, अडखळावं लागलं नाही. जीभ सरावलेली होती.

सराव सहा आठवड्यांचा होता. त्याआधी तिने खरोखर पाळलं होतं, हे ती स्वतःला पुन्हापुन्हा सांगत असे. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बाबांच्या बेकरीत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो. त्या दिवशी दोघांनी मिळून दीडशेच्या वर रोस्का, म्हणजे सणाचे गोल गोड पाव, भाजले, ओबदुलिया आत्याने गल्ल्यावर बसून ते विकले, आणि दुपारी चारच्या सुमाराला फडताळ रिकामं झालं तेव्हा तिघं पिठाच्या पोत्यांवर बसली. आधीची सगळी वर्षं एक रोस्का आईसाठी बाजूला ठेवलेला असायचा. अगदी शेवटी, तिला खायची बंदी होती तेव्हासुद्धा, नुसता समोर ठेवायला. आईला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. साखरेने आधी तिचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. मागच्या खोलीत चार वर्षं ती पोटात नळी घेऊन पडून होती. दिवसातून चार वेळा पिशवी टांगायची, डायलिसिसचं पाणी पोटात सोडायचं, ते परत काढायचं, रंग बघायचा. यारेली हे सगळं सोळाव्या वर्षी शिकली. नर्सिंगला जायचं ठरलं ते तिथेच, म्हणजे कुणी ठरवलं असं नाही. हाताला वळण पडलं होतं. त्या दिवशी पोत्यावर बसून बाबांनी ऑर्डरी लिहायची वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं: कोला बंद. रोज सकाळी अर्धा तास चालणं. नाश्ता घरी करूनच बाहेर पडायचं. अकराला झोप. दर रविवारी बोट टोचायचं. मग पान फाडून तिच्या हातात दिलं आणि तसंच दुसरं स्वतःसाठी लिहिलं. बाबांना साखर असल्याचं नऊ वर्षांपूर्वी कळलं होतं. यारेलीला तोवर काहीच नव्हतं, नुसतं घराणं होतं. पावणेसातला फोन करायचा, असं बाबांनी सुचवलं. ते चर्चच्या आवाराला फेऱ्या मारणार, ती तिच्या खोलीजवळच्या बागेत, आणि बोलत बोलत अर्धा तास निघून जाईल. आत्या हसून म्हणाली होती, दोघंही एकमेकांचे पोलीस व्हा म्हणजे झालं.

पाच आठवडे ती चालली. बागेत कारंजं होतं, बंद पडलेलं. सकाळच्या गारठ्यात तोंडातून वाफ यायची आणि कानाला लावलेल्या फोनमधून बाबांच्या चपलांचा फटफट आवाज यायचा. मग फेब्रुवारीत वॉर्डातली ड्यूटी लागली. सातच्या ठोक्याला इस्पितळात हजर राहायचं म्हणजे पावणेसहाला खोली सोडायची, दोन बस बदलायच्या. दुपारी तीनला सुटका, चारला तास, सातपर्यंत ग्रंथालय, त्यानंतर रुग्णांच्या केसवह्या लिहायच्या. त्या पहिल्या वेळी नेहमी परत यायच्या, बाईंना अक्षर पसंत नसे. नाश्ता आधी गेला. बसथांब्यावर पावात घातलेला गरम तमाल, मक्याच्या पिठाचा वाफवलेला गोळा, मिळायचा, तो हातात धरला की बोटांनाही ऊब यायची. मग झोप गेली. झोप गेल्यावर दुपारच्या तासाला डोळे उघडे ठेवायला कोला आली, आधी छोटी बाटली, नंतर मोठी. यातलं काहीही तिने ठरवून मोडलं नव्हतं. रविवारी बोट टोचायचं तेवढं मात्र तिने समजून-उमजून सोडलं. डबीतल्या पट्ट्या मोजक्या आहेत, एवढं कारण तिने स्वतःला दिलं होतं.

पहिल्या दिवशी पावणेसातला फोन वाजला तेव्हा ती दुसऱ्या बसमध्ये होती. बाबांनी विचारलं, निघालीस का. ती हो म्हणाली, आणि ते खरंच होतं, निघालेली तर ती होतीच. बाबा म्हणाले, आज तिकडे लोक बरेच दिसतात. तिने फोनवर हात धरला आणि म्हणाली, एक बाई आल्यात, लाल बूट घातलेल्या, मोठ्याने गुणगुणत चालतात. असं काहीतरी सांगणं भाग होतं. पण बाबांना त्या बाई फार आवडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवणीने विचारलं, आल्या होत्या का. मग त्यांना नाव लागलं, दोन्या एर्लिंदा, म्हणजे एर्लिंदाबाई. त्यांचा नवरा रेल्वेत होता. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. त्यावर बाबांनी मीठ घालून गरम केलेल्या पाण्याचा शेक सांगितला आणि आठवड्याने फरक पडला का म्हणून विचारलं. मार्चमध्ये शहरभर हाकारांदा फुलले तेव्हा यारेलीने बसच्या खिडकीतून दिसणारी जांभळी झाडं बागेत नेऊन लावली आणि त्यांच्याखाली दोन्या एर्लिंदाला बसवलं. काही सकाळी तिला वाटायचं की आपण खरोखरच तिथे जाऊन आलो. पाय हलके वाटायचे. आणि मग बस थांबायची, कंडक्टर दारात लोंबकळून “इस्पितळ, इस्पितळ, सेंट्रल!” असं ओरडायचा, ती फोन छातीशी दाबून उतरायची.

त्या तासानंतर ती वर्गात गेली नाही. प्रसाधनगृहातल्या आरशासमोर तिने केस वर धरले आणि मान वळवून मागे पाहायचा प्रयत्न केला. तिथे एक काळपट पट्टा होता, लहानपणापासूनचा. आईला तो मळ वाटायचा. दर शनिवारी आई तिला हौदापाशी उभी करायची, लिंबाच्या फोडीवर सोडा घेऊन मानेवर घासायची. कातडी लाल व्हायची, झोंबायची, आणि पट्टा तसाच राहायचा. आई चिडायची, लोक म्हणतील पोरीला आंघोळ घालत नाहीत. दुसऱ्या वर्षाला एका तासात पडद्यावर एक मान दाखवली होती, अगदी तशीच, आणि खाली एक लांबलचक नाव. साखर येण्याच्या बरीच वर्षं आधीपासून शरीर अशी खूण दाखवतं, असं बाई सांगत होत्या. यारेलीने ते नाव वहीत उतरवून घेतलं होतं, अधोरेखितही केलं होतं आणि त्यानंतर केस बांधणं बंद केलं होतं. आता तिला आठवलं की गेला महिनाभर तिला तहान लागते, पाण्याची बाटली संपते आणि तरी तोंड कोरडंच. उन्हाळा आहे म्हणून, असं ती म्हणत आली होती. वॉर्डात एखादा रुग्ण असं बोलला असता तर तिने पुढचे चार प्रश्न विचारले असते.

शनिवारी ती न कळवता गावी निघाली. डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्याला तीन तास लागतात. काय सांगायचं त्याची जुळवाजुळव ती वाटेत करत होती. आधी आकडा सांगायचा की आधी बागेतल्या बाई खोट्या आहेत हे सांगायचं, यावर ती अडकून पडली. आकडा सोपा वाटत होता. त्या बाईबद्दल बाबांना काय वाटेल ते तिला सोसवत नव्हतं. गावात धुकं उतरलं होतं. बेकरीचं दार अर्धं लावलेलं, फडताळात दोन-तीन प्रकारचे पाव, शनिवार असून. आत्या गल्ल्यावर होती. यारेलीला पाहून ती उठली नाही, नुसती बघत राहिली, आणि मग म्हणाली, “बरं झालं आलीस. मला बोलायची बंदी होती.”

बाबा मागच्या खोलीत होते. आईच्या खोलीत, आईच्या खाटेवर. पिशवी टांगायचा खिळा भिंतीत तसाच होता. ते घाईने उठून बसायला गेले आणि डाव्या पायावर चादर ओढली. खोलीत वास होता. यारेलीला तो वॉर्डातून ओळखीचा होता, नाव घ्यायची गरज नव्हती. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि चादर काढली. बाबा म्हणाले, “नको बघू, पोरी.” तिने पट्टी सोडवली. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि कडेने तळव्यापर्यंत जांभळा रंग चढला होता. तिचे हात शिकवल्याप्रमाणे काम करत होते, वरून खाली, कडेकडेने. डोकं मात्र कुठेतरी मागे राहिलं होतं. तिने विचारलं, कधी झालं. फेब्रुवारीत. भट्टीतून निखारा पडला, चपलेत शिरला, आणि बाबांना कळलंच नाही. जळक्या रबराचा वास आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. म्हणजे गेले सात आठवडे बाबा चाललेच नव्हते. पावणेसातला ते खाटेवर बसून फोन लावायचे. चपलांचा आवाज? तो ते हातात चपला घेऊन जमिनीवर आपटत काढायचे, आत्या दारातून म्हणाली, आणि डोळे पुसत आत निघून गेली.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू चालत होतीस ना,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, एकाचं तरी नीट चाललंय. मी सांगितलं असतं तर तू सगळं टाकून इथे येऊन बसली असतीस, आईच्या वेळी बसलीस तशी.”

जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडाशी होती. बाबांचा पाय तिच्या मांडीवर होता, जड आणि नको इतका गरम. एकाचं तरी. तिने पट्टी नव्याने बांधली आणि म्हणाली की आत्ताच्या आत्ता पुएब्लाला जायचं.

डाव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा दिवस गेले असते तर गुडघ्यापर्यंत गेला असता, नशीब समजा. बाबा इस्पितळात होते ते बारा दिवस यारेली वॉर्डात दोन्ही बाजूंनी राहिली. दुपारी तीनपर्यंत पांढऱ्या गणवेशात दुसरे रुग्ण बघायची, तीननंतर गणवेश काढून बाबांच्या खाटेपाशी स्टुलावर बसायची. सगळे तिचं कौतुक करत. शेजारच्या खाटेवरचा माणूस बाबांना म्हणायचा, डॉन एलिहिओ, मुलगी असावी तर अशी. ती व्हरांड्यातल्या यंत्रातून कोलाची बाटली काढायची आणि जिन्यात उभी राहून संपवायची, मग तोंड धुऊन आत यायची. नोहेमीने एकदा तिला जिन्यात गाठलं आणि विचारलं, तू दाखवलंस का कुणाला. यारेली म्हणाली, आत्ता? त्या “आत्ता”मध्ये सगळं बसत होतं, आणि यारेलीला त्याचा आधारही वाटायचा, लाजही. बाबांचा पाय हे कारण इतकं मोठं, इतकं खरं होतं, की त्याच्या आड ती आणखी बरेच महिने उभी राहू शकली असती. आई आजारी होती तेव्हाही असंच होतं. घरात एक माणूस खाटेवर असला की उरलेल्यांची शरीरं जणू नसतातच; ती नुसती उठतात, धावतात, आणतात, आणि जे मिळेल ते उभ्याने खातात.

बाबा गावी गेले. भट्टी बंद झाली. आत्या शेजारच्या गावाहून पाव आणून विकू लागली. फोन पुन्हा पावणेसातला सुरू झाला, कारण दोघांपैकी कुणालाच तो बंद करायचं सुचलं नाही. आता बाबांकडून आवाज यायचा तो कुबड्यांचा. ते खोलीतून अंगणापर्यंत आणि अंगणातून खोलीपर्यंत चालायचे, हळूहळू, मधे थांबून. त्यांचा श्वास लागलेला ऐकू यायचा. ती बसच्या खिडकीशी टेकून बागेबद्दल सांगायची. पण बाबांनी दोन्या एर्लिंदाबद्दल विचारणं कमी केलं होतं. तिने स्वतःहून सांगितलं तर ते ऐकून घ्यायचे, अच्छा म्हणायचे. एकदा तिने सांगितलं की बाई मुलीकडे वेराक्रूसला गेल्या, आता येणार नाहीत. बाबांच्या कुबड्यांची खटखट थांबली. मग म्हणाले, बरं केलंस. यारेलीला वाटलं ते “बरं झालं” म्हणाले असतील.

मेच्या मध्यावर एका बुधवारी तिला ड्यूटी नव्हती. सात वाजायला आले तरी फोन आला नव्हता, म्हणून तिने लावला, तर बाबा म्हणाले, खाली ये. ती जिना उतरून आली. घराच्या फाटकापाशी बाबा उभे होते, दोन्ही बगलांत कुबड्या, डोक्यावर चर्चला घालायची टोपी, डाव्या पायाला जाड मोजा आणि आत्याच्या नवऱ्याचा मोठा बूट. ते पहाटे साडेतीनच्या गाडीने निघाले होते, तीन तास डोंगर उतरून. एकटे. तिने आधी रागावून विचारलं, आत्याने येऊ कसं दिलं. बाबा म्हणाले की आत्याला ठाऊक नाही, एव्हाना कळलं असेल. मग त्यांनी कुबडीनेच रस्त्याकडे खूण केली. बागेच्या विरुद्ध बाजूला.

“सरकारी दवाखाना साडेसातला उघडतो. चल.”

ती जागची हलली नाही. बाबा तिच्याकडे न बघता सांगू लागले, जणू हवेबद्दल बोलताहेत. तिच्या फोनमागे रोज एक माणूस ओरडायचा, इस्पितळ, इस्पितळ, सेंट्रल. बागेत असं कोण ओरडतं. फेब्रुवारीपासूनच त्यांना ऐकू येत होतं, त्या दिवशी आईच्या खाटेवरून ‘तू चालत होतीस ना’ म्हणाले तेव्हाही. तहानेचं त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. तांब्या भरून ठेवला की ती उभ्याउभ्या रिकामा करायची, आणि तिची आईही सुरुवातीला तशीच प्यायची.

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी कुबडी नीट बगलेत बसवली. “मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? मी हातात चपला घेऊन बसलेला.” त्यांनी दुसरी कुबडीही सरकवून घेतली. “आणि तू त्या बाईंचं इतकं छान सांगायचीस. मला वाटायचं, निदान तेवढा अर्धा तास आपण दोघं चांगल्या ठिकाणी आहोत. म्हणून मीच ते चालू राहू दिलं. ती माझी चूक. पाय गेला त्यापेक्षा मोठी.”

दवाखाना सहा चौक लांब होता. यारेलीने टॅक्सी थांबवायला हात वर केला, तो बाबांनी कुबडीने खाली केला. दोघं चालत निघाली. बाबा दर वीस-पंचवीस पावलांवर थांबत होते, भिंतीला टेकत होते, आणि तीही थांबत होती. रस्त्यावरचे लोक घाईत होते, शाळेची मुलं, दुधाची गाडी, पाटीवर पाव घेऊन जाणारा सायकलवाला. सगळे त्यांना वळसा घालून जात होते. तिसऱ्या चौकापाशी तिला भूक लागली, घाम आला, तोंड सुकलं. कोपऱ्यावरच्या दुकानात थंड बाटल्यांची उभी पेटी होती, तिच्यातला पिवळा दिवा लागलेला. ती पेटीकडे बघत राहिली. बाबांनीही पाहिलं, आणि ती पुढे चालू लागली. हे काही जिंकणं नव्हतं, तिला ठाऊक होतं. दुपारी पुन्हा तास असणार होता, पुन्हा डोळे मिटणार होते, कोपऱ्याकोपऱ्यावर अशी पेटी असणार होती, उद्या, परवा, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आई चाळिसाव्या वर्षी आंधळी झाली होती. बाबांच्या श्वासाचा आवाज फोनमधून यायचा त्यापेक्षा खूप मोठा होता.

नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. त्यांचा क्रमांक आला तेव्हा आतल्या बाईने आधी कुबड्या पाहिल्या, मग मोजा घातलेला पाय, आणि फॉर्म ओढून बाबांच्या तोंडाकडे बघत विचारलं, रुग्णाचं नाव. बाबांनी मान हलवली आणि बाजूला सरकले. एवढ्या दिवसांत यारेलीने हा फॉर्म कितीदा भरला होता, आईसाठी, बाबांसाठी, वॉर्डातल्या अनोळखी म्हाताऱ्यांसाठी. बोटं आपोआप बाबांच्या नावाकडे वळत होती. ती म्हणाली, यारेली. पूर्ण नाव सांगा. तिने सांगितलं. वय एकवीस. काय त्रास होतो? साखर. कधीपासून? तिने खरी तारीख सांगितली, दोनशे चौदाची. बाईने भुवई वर केली, कारण त्याला आठ आठवडे होऊन गेले होते, पण लिहून घेतलं. मग तिने शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, रुग्णासोबत कोण आलंय.

मागून कुबड्यांची खटखट झाली. बाबांनी खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकला, टोपी काढली आणि आत वाकून म्हणाले,

“मी.”